फिनाची भूक

स्पेनमधल्या नावालगामो गावात कोठीच्या खोलीला कुलूप असलेलं घर एकच होतं, कितेरियाचं; तिला सगळे किती म्हणत. बाकी घरांत कुलूप कशाला लागणार? आढ्याला टांगलेल्या डुकराच्या खारवलेल्या मांड्या, चरबीचे रांजण, सुक्या अंजिरांच्या माळा. जे एकाकडे तेच दुसऱ्याकडे. बायका म्हणायच्या, "किती चोराला भीत नाही गं, पोटच्या पोरीला भिते." आणि त्यात काही खोटं नव्हतं.

कितेरियाचा नवरा बेन्तुरा हा तिचा सख्खा चुलतभाऊ. एका अंगणात वाढलेली दोघं. लग्नासाठी बिशपची परवानगी काढावी लागली होती, पण त्या मुलखात ते काही नवल नव्हतं. बेन्तुरा मालकाच्या ओकच्या रानात काळ्या डुकरांचा कळप राखायचा. माणूस कमी बोलणारा. डुकरांशी बोलायचा तेवढंच. त्यांना पहिला मुलगा झाला दामियान, काडीसारखा. पाच वर्षांनी, अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात, मुलगी झाली. नाव ठेवलं रुफिना, हाकेला फिना. फिना म्हणजे त्यांच्या बोलीत नाजूक, सडपातळ. जन्मली तेव्हा होतीही तशीच, चारचौघींसारखी तीन किलोची.

चार महिन्यांत किती थकली. पोर अंगावरून सुटेना. दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या तरी मूठ चोखत किंचाळायची. सासूनं गाईचं दूध पाजलं, मग दुधात पाव कुस्करून घातला. पोर तेवढ्यापुरती गप्प व्हायची, की पुन्हा सुरू. वर्षाची झाली तेव्हा तिला उचलायला दोन हात पुरेनात. तीन वर्षांची असताना मांड्यांच्या घड्यांत घाम मुरून जखमा व्हायच्या आणि किती त्यांत पीठ भुरभुरायची. आणि गाव हाक मारायचं, "ए फिना! ए सडपातळ!" आधी गमतीनं, मग सवयीनं.

भूक म्हणजे कशी? आपण म्हणतो ना, भस्म्या झालाय, तसली. जेवून उठलेली पोर ताटाकडे अशी बघायची, जणू ते कुणी तिच्या पुढून ओढून नेलंय. दुपारी घर झोपलं की ती कोठीत शिरायची आणि रांजणातली लाल तिखट घातलेली चरबी बोटांनी खायची. त्यावरून कुलूप आलं. मग ती शेजाऱ्यांच्या कोंबड्यांपुढचे दाणे खाऊ लागली. एकदा डुकरांच्या दगडी डोणीतलं आंबोण ओंजळीनं खाताना सापडली. शेजारच्या कास्तानं तिला कानाला धरून घरी आणलं.

"किती, ही घे तुझी डुकरीण. माझ्या डुकरांना काहीतरी राहू दे."

कितीनं पोरीला आत ओढलं. दार लावून तिनं पोरीला झाडूच्या दांड्यानं मारलं. फिना रडत म्हणाली, "आई, मी चोरी नाही केली. मला भूक लागली होती."

"आत्ता तर जेवलीस! दोन वाडगे चणे गिळलेस!"

"ते संपले ना."

गावचे डॉक्टर होते अन्सेल्मो. चांगल्या घराण्यातले, बोटात अंगठी, बोलणं ठाम. त्यांनी फिनाला काट्यावर उभं केलं, काट्याकडे पाहिलं, मग कितीकडे पाहिलं.

"बाई, हा आजार नाही, हे लाड आहेत. पोर चरते कारण तुम्ही चारता. तोंड बंद ठेवा, सहा महिन्यांत सरळ होईल."

"पण डॉक्टरसाहेब, ती उपाशी असल्यागत..."

"उपाशी? ही?" डॉक्टर हसले. बाहेर बाकावर बसलेल्या बायकाही हसल्या.

त्या दिवसापासून किती पेटली. लाड हा शब्द तिला बोचला होता, कारण लाड तिला कधी कुणी केले नव्हते आणि तिनंही कुणाचे केले नव्हते. सकाळी पावाची एक चकती, दुपारी भाजीचं पाणी, रात्री एक अंडं. पोर रडली की मार, मागितलं की मार. गावानं म्हणू नये की आई चारते. तरी वजन हलेना. कितीला कळेना, ही खाते कुठून.

ती खायची बापाकडे. दुपारी रानात जायची, धापा टाकत, झाडाझाडाला टेकत. बेन्तुरा कमरेच्या पिशवीतून पाव काढायचा, त्यावर चरबी फासायचा आणि द्यायचा. स्वतः ओकची बोंडं भाजून खायचा. कळपातली डुकरं एकेक दहा-दहा किलो बोंडं चरत, पोटं जमिनीला टेकेपर्यंत, आणि तरी पुढच्या झाडाकडे पळत. त्यांना कुणी बोल लावत नव्हतं. जितकी लठ्ठ तितकं मालकाचं तोंड खुललेलं.

आठव्या वर्षी फिनाचा पहिला प्रसाद घ्यायचा दिवस आला. पांढरा झगा शिवायला शिंपिणीला दोन मुलींचं कापड लागलं. चर्चमध्ये रांगेत ती शेवटी होती. पाद्रीबाबांनी जिभेवर पोळीची चकती ठेवली, फिनानं डोळे मिटले, गिळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, अजून एक मिळेल?"

सगळं चर्च हसलं. पाद्रीबाबांनाही हसू आवरलं नाही. फिनालाही वाटलं आपण काही गमतीचं बोललो, तीही हसली. बाहेर आल्यावर, झग्यातच, कितीनं तिच्या दोन्ही गालांवर मारलं. बेन्तुरानं बायकोचा हात धरला.

"पुरे, किती."

"तूच! तूच देतोस तिला रानात. सांगितलंय मला कास्तानं. देवासमोर माझी लाज काढली हिनं, तुझ्यामुळे."

"तिला भूक लागते."

"भूक सगळ्यांना लागते!"

"तिची थांबत नाही," बेन्तुरा म्हणाला. एवढंच.

सत्त्याहत्तर सालच्या डिसेंबरात त्यांच्या घरचं डुक्कर कापायचं ठरलं. या दिवशी अख्खी गल्ली मदतीला येते. अंगणात कढया चढतात, बायका आतडी धुतात, चरबी कढवतात, मांसात लसूण नि तिखट मळून आतड्यांत भरतात. वास गावाच्या वेशीपर्यंत जातो. फिनाला आठ दिवसांचा खोकला होता. पण कितीला खोकल्याची चिंता नव्हती. पोर कढईत हात घालील आणि गल्ली तमाशा बघील, ही चिंता होती. सकाळीच तिनं फिनाला मागच्या खोलीत नेलं. तिथे बटाटे ठेवत, भिंतींना ओल, एक झरोका, तोही अंगणाकडे. एक घोंगडी दिली आणि बाहेरून कडी घातली.

बेन्तुरा डुकराचे पाय धरायला होता. मुलगी कुठे म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा किती म्हणाली, "माझ्या आईकडे पाठवलीय."

पहिला तास फिना ओरडली नाही. मग चरबी कढू लागली. झरोक्यातून आवाज आला, "आई! आई गं!"

कास्ता हसली. "कोंडलीस होय? बरं केलंस."

"आई, थोडंसं दे. नुसता वास नको गं, थोडंसं दे."

किती मांस मळत राहिली. कोपरापर्यंत हात लाल. कुणीतरी गाणं धरलं, तशी झरोक्यातला आवाज त्यात बुडाला. पुढच्या दारी मांस कापणाऱ्या बेन्तुराच्या कानावर आवाज गेला तेव्हा दुपार कलली होती. त्यानं हातातली सुरी ठेवली, जाऊन कडी काढली. फिना ओल्या जमिनीवर बसली होती, ओठ निळे पडलेले. दोन कच्चे बटाटे तिनं मातीसकट खाल्ले होते. त्यानं तिला उचललं. एवढी जड पोर, पण उचलली, सगळ्यांच्या समोरून आत नेली, आणि जाता जाता कढईच्या काठावरचे कुरकुरीत तुकडे मूठभर घेतले. कितीनं पाहिलं. तिनं पुन्हा मांसात हात घातला.

त्याच संध्याकाळी ताप चढला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, म्हणाले, "छातीवर एवढी चरबी, श्वास कसा जाणार आत?" सातव्या दिवशी फिनानं खायला मागितलं नाही. सूप पुढे केलं तर मान फिरवली. कितीला वाटलं, सुटलो एकदाचे. शेजारणीला ती म्हणालीसुद्धा, "आज मागितलं नाही बघ. वळतेय वाटतं वाटेवर."

दुसऱ्या दिवशी बदाहोस शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, मालकाच्या गाडीत, बापाच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. साडेनऊ वर्षांची होती. मोठ्या माणसाची पेटी लागली.

पुरून आल्यावर किती नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या पावानं मारली तिला. ऐकतोस? तुझ्या पावानं."

बेन्तुरानं ऐकलं. कपडे गोणीत भरले आणि रानातल्या दगडी झोपडीत राहायला गेला. पंधरवड्याच्या रविवारी धुणं घेऊन यायचा, धुतलेलं घेऊन जायचा. दोघं हवापाण्याचं बोलत. असं पंचवीस वर्षं चाललं. दामियान बिल्बावला कारखान्यात लागला आणि नाताळलाही येईनासा झाला.

दोन हजार दोन साली गावाबाहेर संशोधनाची डुक्करशाळा निघाली. एका बाजूला तिथली काळी डुकरं, दुसऱ्या बाजूला उत्तरेकडून आणलेली लांबोडकी पांढरी. किती तेव्हा साठीला आलेली. पण डुकरांत हात मुरलेली बाई म्हणून तिला चारा घालायच्या कामावर घेतलं. तिथली मुख्य होती नेरेआ, माद्रिदहून आलेली तिशीची पोरगी, पायात कायम रबरी बूट. ती प्रत्येक डुकरापुढे दोन डोण्या ठेवायला लावायची, एकीत साधं आंबोण, दुसरीत तेल-चरबी कालवलेलं. कोण कुठे तोंड घालतं, किती खातं, कधी थांबतं, ते लिहून ठेवायचं. मग कानाचा बारीक तुकडा, रक्ताची कुपी.

पांढरी डुकरं खात नि बाजूला होत. काळी चरबीच्या डोणीला चिकटत ती सुटतच नसत. रिकामी डोणी चाटत, मग किंचाळत.

एका सकाळी एक काळी डुकरीण रिकाम्या डोणीवर तोंड आपटत होती. किती चिडून म्हणाली, "हावरट मेली! आत्ता तर गिळलंस!"

नेरेआ वहीतून वर न बघता म्हणाली, "हावरट नाहीये हो ती, कितेरियाबाई. तिला कळतच नाही की खाल्लंय."

"म्हणजे?"

"अंगातली चरबी डोक्याला निरोप पाठवत असते. कोठार भरलंय, आता पुरे, असा. पांढऱ्यांच्या डोक्यात तो निरोप पोचतो. या काळ्यांत निरोप घेणारा जो भाग आहे ना, तोच जन्मापासून जरा बहिरा आहे. आईबापांकडून आलेला. म्हणून अंगावर चरबीचे थर, आणि डोक्याला वाटतं, उपाशी मरतोय."

"खरंच भूक लागते तिला? सोंग नाही?"

"खरीच. तुम्हाला दोन दिवस अन्न मिळालं नाही तर लागेल तशी."

किती डोणीपाशी उभी राहिली. मग तिनं विचारलं, "माणसात होतं का हे?"

नेरेआनं पेन थांबवलं. "होतं. फार क्वचित. माणसात तर निरोप अजिबातच पोचत नाही. आताच, काही वर्षांपूर्वी उलगडलं. बहुतेक वेळा आईबाप नात्यातले असतात. दोघं धडधाकट, पण दोघांकडून तोच दोष आला की मूल तसं. जन्मताना इतरांसारखंच, मग काही महिन्यांत..." ती कितीच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. "तुमच्या माहितीत कुणी आहे?"

"होती. माझीच पोर." कितीनं हातातली बादली खाली ठेवली. "मारून, कोंडून बरं होतं का ते?"

"नाही."

"आणि पाव दिला तर? पावानं मरतात?"

"लठ्ठपणानं त्रास होतोच. पण अशी मुलं बहुतेक तापानं, छातीच्या दुखण्यानं दगावतात. त्यांच्यात रोगाशी झुंजायची ताकदच कमी असते. थंडी, ओल, साधा खोकलासुद्धा..." नेरेआ घाईनं म्हणाली, "हे बघा, मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. तिला तेच होतं असं मला सांगता येणार नाही."

"मला येतं," किती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सहा काळी नि सहा पांढरी डुकरं कापून त्यांच्या चरबीचे, काळजाचे, मेंदूचे नमुने काढायचे होते. आदल्या दिवशी सकाळपासून त्यांना अन्न द्यायचं नव्हतं. पोटं रिकामी हवी होती. पांढरी कुरकुरली आणि भिंतीला टेकून पडली. काळ्यांनी दुपारपर्यंत गजांवर तोंडं आपटून रक्त काढलं. किती बाहेरच्या ओट्यावर कानांवर हात घेऊन बसली होती. मग उठली. चरबी कालवलेल्या आंबोणाची पिंपं ढकलत आणली आणि सहाही डोण्या काठोकाठ भरल्या. संपल्या की पुन्हा भरल्या.

नेरेआ आली तेव्हा डुकरं खातच होती. तिनं पिंप मागे ओढलं. "कितेरियाबाई, काय केलंत हे? वर्षाचं काम आहे माझं. माद्रिदहून माणसं निघालीत."

"माझ्याच्यानं ऐकवेना."

"मला सांगायचंत तरी!"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

नेरेआ रडली, मग कामावरून काढल्याचं बोलली. किती तिला काही वाईट म्हणाली नाही. डुकरं आठ दिवसांनी कापलीच, तेव्हा त्यांना उपाशी ठेवायला दुसरं कुणीतरी होतं.

काम सुटल्यावर किती चालत रानातल्या झोपडीवर गेली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. बेन्तुरा दारात बसून चामड्याचा पट्टा शिवत होता. कानानं अधू झाला होता, त्यामुळे सगळं तिला ओरडून सांगावं लागलं. निरोप, डोकं, बहिरेपणा, आजोबांकडून दोघांत आलेला दोष. ओकच्या रानात एवढ्या मोठ्यानं असलं बोलताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"म्हणजे अर्धं माझं, अर्धं तुझं," तो म्हणाला.

"हो."

"आणि पाव?"

"पावानं नाही मेली, बेन्तुरा. तू नाही मारलीस. ते सांगायला आले."

त्यानं सुई खाली ठेवली. डोळ्यांवरून मनगट फिरवलं. "रोज झोपताना तेच म्हणायचो. पाव दिला नसता तर." मग म्हणाला, "आणि खोली? ती ओली खोली? त्याचं काय म्हणाली तुझी ती पोरगी?"

किती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली.

"ओरड, ऐकू येत नाही मला."

"थंडी नि ओल वाईट म्हणाली!" किती ओरडली. "खोकला वाईट म्हणाली!"

बेन्तुरानं मान हलवली. रागानं नाही. "तू एवढ्या लांब आलीस, माझ्यावरचं उतरवायला. बरं झालं. पण तुझ्यावरचं मला उतरवता येत नाही, किती. मला वाटतं उतरवावं, पण येत नाही." मग म्हणाला, "पाणी पी आणि नीघ. ऊन चढेल."

गावात परतल्यावर ती थेट डॉक्टर अन्सेल्मोंकडे गेली. म्हातारे आता ऐंशीच्या पुढचे, पायांवर शाल घेऊन चौकात बसत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल, असेल. त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं, बाई."

"मग माहीत नाही म्हणायचं होतं," किती म्हणाली. "हसायचं नव्हतं."

म्हाताऱ्यानं शाल सारखी केली. त्यांना काही आठवत होतं की नाही, कुणास ठाऊक.

मग काही दिवस ती भेटेल त्याला सांगत सुटली. पावाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, धुण्याच्या दोरीपाशी. फिना आजारी होती, हावरट नव्हती. बायका माना डोलवायच्या. "हो गं, हो. देवाची इच्छा." कास्ता म्हणाली, "काही म्हण किती, पण पोर खायची मात्र! आठवतंय, प्रसाद घेताना काय म्हणाली?" आणि दुकानातल्या ज्या पोरी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, त्याही हसल्या, कारण ती गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती.

कितीनं पाव घेतला, सुटे पैसे मोजून दिले आणि त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. बिल्बावला दामियानला मात्र तिनं फोन केला. तो म्हणाला, "आता हे सांगून काय उपयोग?" मग म्हणाला, "मला ऐकू येत होती ती, आई, त्या दिवशी. मी अंगणातच होतो. लाकडं आणत होतो." मग त्यानंच फोन ठेवला.

दुसऱ्या हिवाळ्यात बेन्तुरा झोपडीतच वारला. दोन दिवसांनी कळलं, कळप मोकाट बघून कुणीतरी गेलं म्हणून. दामियान मातीला आला, एक दिवस राहिला. किती त्यानंतर सहा वर्षं जगली, त्याच घरात. काम कुणाकडे मागितलं नाही आणि डिसेंबरात गल्लीत डुक्कर कापायचा दिवस निघाला की सकाळची पहिली बस धरून बदाहोसला जायची. तिथे बसस्थानकाच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून असायची.